एकशे दहाची रेघ

कुणीतरी एकाने तरी तोंड उघडायला हवं होतं. पोरगी गुडघ्यांत वाकून उभी आहे, हे त्या दारातल्या प्रत्येकाला दिसत होतं. "बाळ, सरळ उभी राहा", एवढे चार शब्द कुणाच्या तोंडून निघाले नाहीत. नाव घेत नाही मी कुणाचं. पण ते गप्प बसणं अजून संपलेलं नाही. रोज होतं. घराघरांत होतं. आणि हसत हसत होतं.

एवढं बोलून मी थांबलो, तेव्हा पुतण्याने फोनवरून मान वर केली.

"काय झालं काका? कुणावर चिडलात?"

दिवे गेले होते म्हणून आम्ही गच्चीवर चटई टाकून बसलो होतो. पुतण्या, त्याची बायको आणि माझी कॉलेजात जाणारी भाची. पुतण्या सुट्टीसाठी भाड्याचं घर ठरवत होता. फोनच्या उजेडात त्याचं तेवढं तोंड दिसत होतं. त्याने आत्ताच बायकोला विचारलं होतं, "पोराचं वय काय टाकू?" आणि ती म्हणाली होती, "चार टाक. सहा टाकलंस तर मोठं घर घ्यायला लावतील."

"ते चार टाकू नकोस," मी म्हणालो.

"अहो, सगळेच टाकतात."

"माहीत आहे. फोन पालथा ठेव. एक गोष्ट सांगतो. ऐकीव नाही. टेपचं एक टोक माझ्या हातात होतं."

"भुताची आहे का मामा?" भाचीने विचारलं. तिला मजा वाटत होती.

"भूत असतं तर बरं झालं असतं," मी म्हणालो. "भुताला निदान काहीतरी हवं असतं."

मी तेव्हा मोजणी खात्यात होतो. जमिनी मोजायच्या, खुणा रोवायच्या, दोन भावांमधली हद्द दाखवायची आणि दोघांच्याही शिव्या खायच्या. आमचा मोजणीदार टेपचं एक टोक धरायचा, दुसरं माझ्याकडे. एकोणीस वर्षं. टेपच्या दोन टोकांना असलेल्या माणसांचं नातं चमत्कारिक असतं. ती कधी जवळ येत नाहीत, पण एकाने जरा ढील दिली की दुसऱ्याला लगेच कळतं.

त्याची ख्याती अशी की लाच तर सोडाच, ज्याची जमीन मोजायची त्याच्या घरचा चहासुद्धा तो घ्यायचा नाही. म्हणायचा, "चहा घेतला की टेप बोटभर सैल होते." लोक हसायचे. मी नाही हसायचो. मी ते एकोणीस वर्षं बघत होतो.

असल्या माणसाच्या घरात काय असणार? तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बायको शाळेचे गणवेश शिवायची. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सात. मुलगी वयाच्या मानाने उंच, म्हणून तिला सगळे लंबू म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. त्या वर्षी वर्गात तिला उंचीमुळे शेवटच्या बाकावर बसवलं होतं. मी घरी गेलो की दारातच सांगायची, "काका, माझ्या मागे आता फक्त भिंत आहे." दर वाढदिवसाला बाप तिला चौकटीला उभं करून पेन्सिलीने खूण करायचा. सातव्या वाढदिवसाची खूण होती एकशे चोवीस सेंटिमीटर. त्याचं माप. म्हणजे बरोबरच.

सात वर्षं त्यांनी कुठे सुट्टी काढली नव्हती. दर वर्षी ठरायचं, दर वर्षी बारगळायचं. त्या वर्षी मात्र त्याने मनावर घेतलं. वहीत चौकोन आखून दोन महिने बेत केला. आठवड्याच्या मधले दिवस, कारण तेव्हा भाडं उतरतं. गर्दीचा हंगाम संपल्यानंतरचा महिना. हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घर. तांदूळ, अंडी, चादरी, साबण सगळं इथून न्यायचं. ऑफिसात मला वही दाखवायचा. म्हणायचा, "बघ, सुट्टीसुद्धा मोजून काढता येते."

शेवटी एक घर सापडलं. तळ्याच्या काठी, दोन खोल्या, इतकं स्वस्त की त्याने तीनदा फोन करून खात्री केली. घर तीन माणसांचं होतं. आणि जाहिरातीच्या खाली एक ओळ होती : रेघेखालचं मूल मोजलं जाणार नाही.

"रेघेखालचं म्हणजे?" बायकोने विचारलं.

"पाच वर्षांच्या आतलं असेल. बघू तिथे."

मला सांगा, आयुष्यभर सरळ चाललेल्या माणसाला चार दिवस तळ्याकाठी बसायचं तर एक पोर लपवावं लागतं, ही कसली मोजणी? तेव्हाही मला राग आला होता. पण मीही काही बोललो नाही. म्हणालो, "जाऊन या. कोण बघतंय."

बारा वर्षं झाली त्याला. नोव्हेंबरचा दुसरा बुधवार. दुपारच्या बसने निघाले. बसमध्ये त्याने लंबूचं अर्धं तिकीट काढलं, नियमाप्रमाणे, हे लक्षात ठेवा. ती खिडकीत बसून रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होती. टायरचं दुकान. दाढीचं सलून. पुढे वळण आहे. भाऊ कंटाळून म्हणाला, "बाबा, हिचं बटण कुठे आहे हो?"

वाटेत बस बिघडली. पोचायला रात्रीचे नऊ चाळीस झाले.

पहिलं काम किल्ली घ्यायचं. ती समोरच्या घरात मिळणार होती. दार एका बाईने उघडलं. पन्नाशीची, हिरवा स्वेटर, कानावर पेन्सिल. "उशीर झाला तुम्हाला. दमली असतील पोरं," म्हणाली, आणि आधी पाणी दिलं. हे मी मुद्दाम सांगतोय. ती वाईट नव्हती.

किल्ली घेऊन ती त्यांच्याबरोबर भाड्याच्या घरात आली. दिवे लावले, गॅस दाखवला, नळ कसा फिरवायचा ते सांगितलं. मग आतल्या खोलीच्या चौकटीपाशी थांबली.

"धाकटीला जरा इथे उभी करा. माप घेतलं की तुम्ही सुटलात, मीही सुटले."

पांढऱ्या रंगाची लाकडी चौकट होती. तिच्यावर एक काळी, जाड रेघ. मोजणीदाराने जवळ जाऊन पाहिलं. ती एक रेघ नव्हती. पेन्सिलीच्या रेघेवर रेघ, त्यावर पुन्हा रेघ, अशा शेकडो. लाकूड तिथे खोलगट झालं होतं. आणि त्या रेघेच्या वर एकही खूण नव्हती. खालीही नव्हती.

त्याला ते खटकलं. शंभर मुलांची मापं घेतलीत तर दोन बोटं वर, दोन बोटं खाली होणारच. सगळी मुलं एकाच उंचीची कशी? त्याने मला पुढे शपथेवर सांगितलं, हा प्रश्न त्याच्या मनात आला होता. पण मनात दुसरंही चाललं होतं. मुलगी रेघेवर गेली तर चौघांचं घर घ्यावं लागेल. ते परवडणार नाही. परत फिरायचं तर बस थेट सकाळी. बायको सामानावर बसलेली, पाय चोळत.

तो मुलीच्या कानाशी वाकला.

"लंबू, जरा वाक."

"का?"

"गंमत."

"पण मी उंच आहे ना?"

"आहेस गं. दोन मिनिटं. आणि तोंड मीट. दात दिसतील."

तिचे पुढचे दोन दात पडले होते. चार वर्षांच्या मुलीचे दात पडत नाहीत.

ती वाकली. तिने आईकडे पाहिलं. आईने उठून तिचा झगा सारखा केला, गुडघे झाकले जातील असा. तो झगा आईनेच प्रवासासाठी शिवला होता, वाढत्या अंगाचा, खाली चार बोटं दुमडून. भाऊ फिसकन हसला. बाईने मुलीच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली, झग्याकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं.

"सरळ उभी आहे ना?"

तिने एकदाच विचारलं. मोजणीदाराला विचारलं.

"आहे," तो म्हणाला.

बाईने कानावरची पेन्सिल काढली. खर्र.

"बसली बरोबर," ती म्हणाली, आणि निघून गेली.

"आता सरळ उभी राहू?" लंबूने विचारलं.

"राहा की."

ती ताठ झाली आणि खोलीभर उड्या मारत सुटली. त्यांनी अंडी उकडली, पावाबरोबर खाल्ली. बायको म्हणाली, "उद्या मी काही म्हणजे काही करणार नाही. नुसती तळ्याकडे बघत बसणार. कुणी हाक मारली तरी ओ देणार नाही." मुलगा म्हणाला, "मग जेवायला कोण देणार?" "बाबा देतील. मोजून." सगळे हसले. मोजणीदार मला म्हणाला होता, ते हसणं ऐकून त्याला वाटलं, झालं ते बरंच झालं.

"बरं, मग?" पुतण्या म्हणाला. त्याचा फोन पालथाच होता.

मग झोपले. मुलगी दोघांच्या मध्ये. मोजणीदाराला जाग आली तेव्हा त्याने घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. मधली जागा रिकामी होती.

आवाज येत होता. बारीक. खर्र... खर्र...

तो उठून बसला. अंधारात चौकट पांढुरकी दिसत होती. चौकटीला कुणीतरी टेकलं होतं. लहानसं.

"लंबू?"

"हं."

"काय करतेस? झोप ये."

"अजून मोजतायत बाबा."

"कोण मोजतंय?"

खर्र...

"लंबू, इकडे ये."

"मला सरळ उभं राहू देत नाहीयेत."

तो धावला. हात धरून ओढलं. ती हलेना. सात वर्षांची पोर, पण चौकटीतच रोवल्यासारखी. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवायला म्हणून हात उचलला... आणि तिथे आधीच काहीतरी होतं. सपाट. गार. त्याच्या बोटांना लागलं आणि नाहीसं झालं.

त्याने दिवा लावला.

कुणी नव्हतं. बायको उठून बसली होती. मुलगी चौकटीला पाठ लावून उभी. टाळूवरचे केस चप्प बसलेले. डोकं बरोबर रेघेला लागलेलं.

"वाकू नकोस आता," तो म्हणाला. "सरळ हो."

"झाले की."

त्याने झगा वर केला.

तिचे गुडघे वाकलेले नव्हते.

गच्चीखालच्या रस्त्यावरून एक मोटार गेली, तिचा उजेड पाण्याच्या टाकीवरून फिरला. भाची सरकून वहिनीच्या, पुतण्याच्या बायकोच्या, जवळ बसली.

त्याच्या पिशवीत टेप असायची. कायम. त्याने तिला भिंतीला उभं केलं. एकशे दहा. दुसऱ्या भिंतीला. एकशे दहा. बायकोने तिचं तोंड दिव्याकडे वळवून वरचा ओठ उचलला. पुढचे दोन्ही दात जागेवर होते. छोटे. पांढरे. दुधाचे.

उजाडल्याबरोबर तो समोरच्या घरी गेला. खरं सांगितलं. मुलगी सातची आहे, उंची एकशे चोवीस आहे, चौघांचं भाडं घ्या, दुप्पट घ्या, पण माप बदला. बाईने शांतपणे ऐकून घेतलं. वही उघडली. बोटाने ओळ शोधली.

"इथे तर बरोबरच लिहिलंय."

"मी खोटं बोललो."

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी फक्त पेन्सिल टेकवते हो. माप देणारे देतात."

त्याने खोडरबराने रेघ खोडली. सुरीने खरवडली. लाकडाचा भुगा खाली पडत होता, आणि आत, अगदी आतपर्यंत, रेघ होती.

तळ्याकडे कुणी गेलं नाही. त्याच दिवशी परतले. मुलगी खिडकीत बसली होती. टायरचं दुकान गेलं. सलून गेलं. ती बघत होती, पण... वाचत नव्हती. भावाने एका पाटीकडे बोट दाखवलं. "वाच ना." मग हळू आवाजात, "वाच ना गं लंबू." तिने पाटीकडे पाहिलं. "त्यात काय आहे?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाले, मुलगी ठणठणीत आहे, चार वर्षांच्या मानाने उंचीही उत्तम. यांनी जन्माचा दाखला पुढे केला. डॉक्टरांनी साल पाहिलं आणि म्हणाले, "चूक झालीय कारकुनाची. दुरुस्त करून घ्या." शाळेतला शेवटचा बाक दुसऱ्या मुलीला मिळाला.

सहा महिन्यांनी त्याने मला घरी बोलावलं. "टेपचं टोक धर," म्हणाला. "माझ्या एकट्याच्या हातावर माझा विश्वास राहिला नाही."

मी टाचेपाशी टोक धरलं. तो डोक्यापाशी. एकशे दहा.

"परत."

एकशे दहा.

"परत."

तिसऱ्यांदा मी टेप जराशी सैल सोडली. बोटभर. त्याला एकशे अकरा दिसावं म्हणून. बापाला एक सेंटिमीटर तरी मिळावा... त्याने आकड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तू ढील दिलीस," तो म्हणाला.

मी मान खाली घातली.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, आता सरळ उभी राहू?"

"राहा ना गं."

"राहिले की."

बायको मशीनवर बसली होती. तिने मशीन थांबवलं नाही. मला म्हणाली, "दिवसातून दहा वेळा विचारते. बाकी सगळं विसरली. तेवढंच लक्षात आहे."

आणि मग मी त्यांची चौकट पाहिली. वाढदिवसांच्या खुणा होत्या. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. त्यांच्या वर, एकशे दहावर, एक काळी रेघ. जाड. बोट फिरवलं तर खोलगट. रेघेच्या वर पाचव्या, सहाव्या, सातव्या वाढदिवसाच्या खुणा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्या पुसलेल्या नव्हत्या. तिथला रंग जुना होता, अखंड होता. तिथे कधी काही लिहिलंच नव्हतं.

"ही कुणी काढली?" मी विचारलं.

मोजणीदार टेप गुंडाळत राहिला.

पुढे त्यांनी घरं बदलली. एका वस्तीत तीन वर्षांच्या वर राहत नाहीत. शेजारी विचारायला लागतात. प्रत्येक नव्या घरात चौकटी कोऱ्या असतात... आठवडाभर. मुलगा शिकून लांब निघून गेला. पैसे पाठवतो, येत नाही. आपण तेव्हा हसलो होतो, हे त्याला सहन होत नाही, असं त्याची आई म्हणाली.

पुतण्याने फोन उचलला होता. त्या पांढऱ्या उजेडात मी पाहिलं, त्याने चार खोडून सहा टाकले. त्याच्या बायकोने त्याला अडवलं नाही.

"मामा," भाचीने विचारलं, "आता कुठे असते ती?"

मागच्या महिन्यात दिसली. रात्री साडेआठची बस, गर्दी नव्हती. मोजणीदार खिडकीशी बसला होता, डोकं पार पांढरं झालेलं. शेजारी ती, पुढच्या सीटचा दांडा धरून उभी. एकोणीस वर्षांची झाली. झगा तोच होता. खालची चार बोटांची दुमड अजून उसवलेली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, पण ओळख लागली नाही. मग ती बापाकडे वळली, आणि तिचे ओठ हलले. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. ऐकायची गरज नव्हती. त्याने नुसती मान हलवली.

कंडक्टर आला. मोजणीदाराने पैसे पुढे केले.

"दोन पूर्ण."

कंडक्टरने मुलीकडे पाहिलं. गाडीच्या दाराशी अर्ध्या तिकिटासाठी पट्टा ओढलेला असतो ना, त्याच्याकडे पाहिलं. एकच तिकीट फाडलं आणि उरलेले पैसे परत केले.

मोजणीदाराने ते घेतले नाहीत. हात तसाच पुढे.

"दोन पूर्ण द्या. तिचं पूर्ण तिकीट लागतं. द्या हो."

कंडक्टर चांगला माणूस होता. त्याने पैसे मोजणीदाराच्या खिशात ठेवले आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, सपाट.

"काका, नातीचं कसलं तिकीट काढताय? लहान आहे अजून."